वीतभर रणगाड्याची साक्ष

प्लास्टिकचे रणगाडे जोडून काचेच्या कपाटात मांडणारा मोठा माणूस पाहिला की लोकांना वाटते, एक तर हा अजून खेळण्यांतून बाहेर आलेला नाही, नाहीतर याला युद्धाचे वेड आहे. या छंदाकडे आपण नीट पाहिलेलेच नाही, असे मला वाटते. चांगले स्केल मॉडेल म्हणजे एका ठरावीक यंत्राबद्दल, एका ठरावीक दिवसाबद्दल केलेले विधान. ते पुराव्यावर तपासता येते आणि चूक असेल तर खोडताही येते. म्हणून त्याची गणना करमणुकीत करण्यापेक्षा इतिहास वाचण्याच्या पद्धतींत करावी, असे माझे म्हणणे आहे.

रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये सर्वांत रुळलेले प्रमाण एकास पस्तीस. ते कुणी शास्त्र म्हणून ठरवले नव्हते. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात, त्या हिशेबाने आकार ठरला आणि तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाइतका भरला. मॉडेल खपले आणि प्रमाण रूढ झाले. या प्रमाणात एक मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे पस्तीस मिलिमीटर पोलाद. खऱ्या रणगाड्याचा मडगार्ड हा पातळ पत्रा असतो, झाडाला घासला तरी दुमडणारा. साच्यातून निघालेला मडगार्ड मिलिमीटरभर जाड असला, तर तो थेट चिलखतच ठरतो. म्हणून जाणकार त्याची कड आतून तासून पातळ करतो, किंवा तो भाग काढून ०.१ मिलिमीटरचा पितळी पत्रा बसवतो. मग त्यात खऱ्यासारखा पोचा पाडता येतो. किट तयारच मिळते, त्यात काय करायचे उरते, असे विचारणाऱ्याने हा एक मडगार्ड करून पाहावा.

पण हातकौशल्य हा विषयाचा लहान भाग आहे; मोठा भाग पुराव्याचा. एक उदाहरण घेऊ. १६ डिसेंबर १९७१ ला भारत-पाकिस्तान युद्धातल्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटलेला सेंच्युरियन रणगाडा सोडायला नकार दिला, कारण त्याची तोफ अजून चालत होती. एकविसाव्या वर्षी त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचा जन्म पुण्यातला. त्यांचा ‘फामागुस्ता’ हा रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. आता हाच रणगाडा मॉडेलमध्ये करायचा म्हटले तर पहिला प्रश्न तोफेचा येतो. सेंच्युरियन ब्रिटिश बनावटीचा; अनेक देशांनी तो घेतला आणि आपापल्या गरजेप्रमाणे बदलला. इस्रायलने त्यावर १०५ मिलिमीटरची तोफ चढवली, पुढे डिझेल इंजिनही घातले. भारताच्या सेंच्युरियनवर तेव्हा वीस पौंडी, म्हणजे ८४ मिलिमीटरची तोफ होती. एकास पस्तीसमध्ये या दोन नळ्यांच्या तोंडांत अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच अधिक फरक पडतो. तरीही इस्रायली किटवर भारतीय खुणा चिकटवल्या तर मॉडेल कितीही सफाईदार असो, ते खोटे बोलते. दुसरा प्रश्न रंगाचा. जतन केलेला रणगाडा डागडुजी होऊन पुन्हा रंगवलेला असतो, त्यामुळे लढाईच्या दिवशीच्या रंगाबद्दल त्याचा शब्द प्रमाण मानता येत नाही. त्या काळची छायाचित्रे, त्याच रेजिमेंटची इतर वाहने आणि सैनिकांच्या आठवणी एकमेकांशी ताडूनच निर्णय घ्यावा लागतो. अहिल्यानगरच्याच कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन, विजयंता आणि पॅटन हे रणगाडे बघायला मिळतात. मापे आणि बांधणी समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या माणसाला याहून जवळची सोय नाही.

मग चिखल आणि गंज. ट्रॅकची कडी जमिनीवर जिथे घासते तिथे पोलाद चकाकते, खोबणीत मात्र माती ठासून बसते. उभ्या रणगाड्याच्या ट्रॅकला लवकर गंज चढतो आणि चालल्यावर घासून निघतो. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, रंगाचे थर असतात, ते काही महिन्यांत सोलून पडत नाहीत. हल्ली नखशिखांत गंजलेली मॉडेल्स करण्याची हौस वाढली आहे. ती दिसायला देखणी असतात, पण ते रणगाडे भंगाराच्या आवारातले वाटतात. मला ही हौस पटत नाही.

युद्धाच्या उदात्तीकरणाचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. दुकानांत टायगर आणि पँथर या जर्मन रणगाड्यांची रेलचेल असते. ज्या राजवटीसाठी ते लढले तिने काय केले, याबद्दल पेटीवर चकार शब्द नसतो. स्वच्छ, तेजस्वी, माणूसरहित रणगाडा कपाटात उभा केला की हे मौन आपणही पुढे चालवतो. माझ्या मते यावर उपाय मॉडेल अधिक खरे करण्याचा आहे. अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांनी १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटसाठी केलेल्या डायोरामांनी, म्हणजे प्रसंगांच्या छोट्या देखाव्यांनी, ही वाट दाखवली. त्यांच्या मांडणीत वाहनाइतकेच माणसालाही महत्त्व होते. या प्रमाणात मध्यम उंचीचा माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. त्याला टरेटवरच्या झाकणाशी उभे करा. पेट घेतलेल्या सेंच्युरियनमधून चौघांना बाहेर पडायला केवढी अरुंद वाट होती, ते शंभर वर्णनांपेक्षा लवकर कळते.

फोटो आणि व्हिडिओ असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. फोटो एकाच बाजूचा असतो. लेखकाला जे माहीत नाही ते वाक्यातून सहज टाळता येते, मॉडेल करणाऱ्याला मात्र रणगाड्याची डावी बाजू कोरी सोडता येत नाही. तिथे खूण कोणती होती, जादा पेटारा कुठे बांधला होता, हे त्याला ठरवावेच लागते आणि ठरवताना आपल्याला किती कमी ठाऊक आहे हे उघड होते. म्हणूनच प्रदर्शनातल्या पाटीवर नाव आणि प्रमाण एवढेच लिहून भागत नाही. दिवस आणि ठिकाण लिहावे, तोफ कोणती ते लिहावे, उजवी बाजू छायाचित्रावरून केली असेल आणि डावी अंदाजाने, तर तेही त्याच पाटीवर स्पष्ट लिहावे.