हुदादे : परमुलखातला पंचावन्न दिवसांचा उपास

2024 साली अमेरिकेतला ईस्टर 31 मार्चला होता. दुकानांत चॉकलेटची अंडी मांडलेली, घरोघरी मेजवान्या. वॉशिंग्टनच्या आसपासच्या इथिओपियन ऑर्थोडॉक्स घरांत मात्र त्या दिवशी उपासाचा तिसरा आठवडा जेमतेम संपत होता. त्यांचा ईस्टर, म्हणजे फासिका, त्या वर्षी आला 5 मेला. तोवर मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी नाही.

या उपासाचं नाव हुदादे. इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चच्या सात नेमाच्या उपासांपैकी हा सर्वांत मोठा. येशूने अरण्यात केलेल्या उपासाचे 40 दिवस, त्याआधीचे 8 आणि शेवटच्या दुःखसप्ताहाचे 7, असे 55. याशिवाय बहुतेक वर्षभर बुधवार आणि शुक्रवार, नाताळाआधीचे 43 दिवस, ऑगस्टमध्ये मरियेच्या नावाने 15 दिवस. सगळं धरलं तर साध्या भाविकाच्या वाट्याला वर्षाचे सुमारे 180 दिवस येतात आणि धर्मगुरूंच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास. ही नेमनिष्ठा फार जुन्या घराण्यातली आहे. इथिओपियातल्या प्राचीन अक्सुम राज्याचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला, तेव्हापासूनची या चर्चची परंपरा.

इतका कडक नेम आपल्या गावात, सगळं गाव पाळत असताना, पाळणं वेगळं. तिथे हुदादेत खाटकाचं दुकानच बंद असतं. पण ते गाव अनेकांना सोडावं लागलं. 1974च्या क्रांतीत इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले, लष्करी राजवट आली आणि माणसं देश सोडू लागली. 1980च्या निर्वासित कायद्याने अमेरिकेची वाट मोकळी झाली, पुढे व्हिसाच्या लॉटरीने आणखी लोक आले. वॉशिंग्टन, सिल्व्हर स्प्रिंग, अलेक्झांड्रिया या पट्ट्यात त्यांची मोठी वस्ती झाली. इथे उपास टिकला तो केवळ एकेकाच्या निग्रहावर टिकलेला नाही. त्यामागे बरीच माणसं आणि बरीच व्यवस्था उभी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या समाजाचा धर्म कळत नाही असं मला वाटतं.

आधी वेळेचं बघू. हुदादेत काय खायचं याइतकंच कधी खायचं यालाही महत्त्व आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी तीनपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. शनिवार-रविवारी वेळेचं बंधन सुटतं, पदार्थांचं नाही. हे दुपारचे तीन म्हणजे इथिओपियन घड्याळात नऊ, कारण तिथे दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. पण सकाळी सातला कामावर चढलेल्या नर्सला तीन वाजता जेवणाची सुटी मिळेलच असं नाही. विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्याला तर रात्र कुठली आणि दिवस कुठला, हेच गिऱ्हाइकावर ठरतं. मग कुणी तीनऐवजी काम सुटल्यावर जेवतो, कुणी बाराला सोडतो.

हे ज्याने त्याने मनाने ठरवायचं नसतं. प्रत्येक घराचा एक ‘येनेफ्स अब्बात’ असतो, म्हणजे आत्म्याचा पिता. त्याच्याजवळ पापांची कबुली द्यायची, लग्न-बारसं-आजारपण त्याच्या कानावर घालायचं आणि उपासातली सवलतही त्यालाच विचारायची. मायदेशी तो घरी येतो, घर आशीर्वादतो, पंगतीला बसतो. इकडे तो पलीकडच्या शहरात असू शकतो, म्हणून बोलणं फोनवर. मधुमेहाच्या रुग्णाला तो सांगतो की औषधाच्या वेळेला खा, फक्त मांस-दूध टाळ. गरोदर आणि आजारी माणसांना सूट असते, सात वर्षांखालच्या मुलांवर सक्तीच नाही. नियम कडक आणि माणूस समोर असला की नियम मऊ, हे या चर्चचं मला सर्वांत माणुसकीचं अंग वाटतं.

आता ताटाकडे येऊ. उपासाचं ताट म्हणजे बेयाइनेतू: एका मोठ्या इंजेऱ्यावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पातळ भाकरीवर, मसुरीचं तिखट कालवण, पिवळ्या वाटाण्याचं सौम्य कालवण, कोबी-बटाटा-गाजर, हिरवी पालेभाजी आणि मधोमध शिरो. शिरो आपल्या पिठल्याच्या जवळचा: भाजलेल्या हरभऱ्याचं मसालेदार पीठ, कांदा, तेल आणि बर्बरे हा लाल मसाला. एरवी या सगळ्यात नित्तर किब्बे पडतं, म्हणजे हळद, मेथी, ओवा वगैरे घालून कढवलेलं लोणी. उपासात त्याची जागा तेल घेतं आणि चवीचा भार कांद्यावर येतो. कांदा आधी कोरडाच, मंद आचेवर, अगदी विरघळेपर्यंत परततात, तेल नंतर. यात घाई केली की कालवण कच्चट लागतं.

इंजेरा हे खरं परीक्षेचं काम. तेफ हे खसखशीसारखं बारीक धान्य. त्याचं पीठ पाण्यात कालवून त्यात एर्शो, म्हणजे मागच्या आंबवणातलं वर आलेलं पिवळसर पाणी घालतात. दोन-तीन दिवस पीठ आंबतं. वॉशिंग्टनच्या जानेवारीत त्याहून जास्त लागतात, म्हणून बायका भांडं हीटरजवळ ठेवतात. आंबल्यावर वरचं पाणी काढून थोडं पीठ उकळत्या पाण्यात शिजवतात आणि परत मूळ पिठात मिसळतात. या शिजवलेल्या भागाला अब्सित म्हणतात. पीठ पुन्हा फसफसलं की मितादवर, म्हणजे मोठ्या गोल तव्यावर, कडेपासून मध्याकडे गोलगोल ओततात. पृष्ठभागावर भोकं पडली, ‘डोळे’ उघडले, की झाकण. उलटायचं नसतं. इकडे चूल नाही, म्हणून विजेचा मिताद. तेफही प्रश्नच होता: इथिओपियाने 2006 मध्ये या धान्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती पुढे काही अंशी उठली. अमेरिकेत आयडाहो राज्यात 1980च्या दशकापासून तेफ पिकतं, त्यावर बरंच भागतं. महाग पडतं म्हणून अनेक घरांत त्यात जवाचं किंवा गव्हाचं पीठ मिसळतात.

बाहेर खाताना वेगळीच दक्षता. पावात दुधाची भुकटी असते, बिस्किटात लोणी. पाकिटामागचे बारीक अक्षरातले घटक वाचायला घरातली दहा-बारा वर्षांची मुलंच आईबापांपेक्षा तरबेज होतात. अलीकडे पाकिटांवर ‘व्हीगन’ छापू लागल्यापासून हे काम हलकं झालं.

चर्चचा भाग याहून अवघड. सुरुवातीला बहुतेक मंडळ्या दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये भाड्याने जमत. पण जागा मिळाली म्हणून चर्च होत नाही. त्यासाठी ताबोत हवा, म्हणजे कराराच्या कोशातल्या पाट्यांचं प्रतीक असलेली, बिशपने पवित्र केलेली पाटी. ती पडद्याआड असते, सामान्यांच्या नजरेस पडत नाही. शिवाय किदासे, म्हणजे मुख्य उपासना, चालवायला किमान पाच सेवक लागतात: दोन धर्मगुरू, तीन डीकन. परदेशात डीकनची उणीव भरून काढतात इथेच वाढलेली मुलं. शाळेत इंग्रजी, घरी अम्हारिक आणि रविवारी पहाटे गीझ भाषेतली उत्तरं तोंडपाठ. बूट दाराबाहेर, अंगावर नेतेला, म्हणजे पांढरी सुती चादर, पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या. दोन-तीन तास उभं राहायचं.

या चर्चमध्ये फूटही पडली होती. 1991च्या सत्तांतरानंतर चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क मेर्कोरिओस, यांना पद सोडावं लागलं, पुढे परदेशात वेगळं धर्ममंडळ उभं राहिलं. परमुलखातल्या मंडळ्या तीन वाटांनी गेल्या: मायदेशाच्या मंडळाबरोबर, परदेशातल्या मंडळाबरोबर, किंवा कुणाबरोबरच नाही. एकाच गावातले मित्र वेगवेगळ्या चर्चमध्ये जाऊ लागले. समेट झाला तो 2018 मध्ये, वॉशिंग्टनमध्येच. उपास मात्र तिन्हीकडे एकाच दिवशी सुरू होत होता.

शेवटच्या आठवड्यात, हिमामातमध्ये, गालाला गाल लावून भेटणंही बंद. गुड फ्रायडेला दिवसभर साष्टांग प्रणिपात चालतात, शेकड्यांनी. म्हातारी माणसं भिंतीला टेकून शक्य तेवढे करतात. संध्याकाळी धर्मगुरू डहाळीने पाठीवर हलकेच मारतो आणि आणखी किती घालायचे ते सांगतो. शनिवारी हिरव्या लव्हाळ्याच्या पट्ट्या वाटतात, त्या डोक्याला बांधायच्या. रात्री किदासे सुरू होते, पहाटे संपते आणि मगच दोरो वोत: बर्बरेत तासन्‌तास शिजलेली कोंबडी आणि तिच्यात अख्खी उकडलेली अंडी. इतक्या दिवसांनी पोटाला सोसावं म्हणून काही घरांत आधी जवसाचं पेय देतात. ताट सामायिक असतं, आणि मोठी माणसं आपल्या हाताने पहिला घास दुसऱ्याच्या तोंडात घालतात.

फासिकानंतर पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारही मोकळे. मग पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, प्रेषितांचा उपास लागतो. 2024 मध्ये तो 24 जूनला लागला. या सगळ्या तारखा बाहेर हसाब नावाच्या जुन्या गणिताने काढतात आणि सप्टेंबरात इथिओपियन नवं वर्ष लागलं की चर्चमध्ये वाचून दाखवतात. फासिकाच्या सोमवारी अमेरिकेत कुणालाच सुटी नसते. म्हणून जाणती माणसं त्या तारखा ऐकून घरी आली की आधी रजेचा अर्ज भरतात.