दिवस जाण्याआधीचे दिवस

वऱ्हाडात मूल व्हावं म्हणून बोललेल्या नवसांची कधी टंचाई पडली नाही. बकऱ्याचा नवस, चोळी-बांगडीचा नवस, सोळा सोमवार. शेंडगावच्या गाडगेबाबांनी या बकऱ्यांपायी उभा जन्म कीर्तनं केली आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ देह ठेवला. बकरे पुष्कळ वाचले. नवसामागची समजूत मात्र जागची हलली नाही. मूल होणं हा नशिबाचा भाग, आणि न होणं हा सुनेचा दोष. “काऊन वं, साल झालं न लग्नाले, काई हाय का नाई?” हा प्रश्न अजूनही तिलाच विचारतात, तोही भरल्या ओसरीत.

रिद्धपुरात हे जास्त खटकतं. मोर्शी तालुक्यातलं हे गाव गोविंदप्रभूंचं. लीळाचरित्र इथलं, आद्य कवयित्री महदंबेचे धवळे इथले, आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठही इथेच आलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी पाळीचा विटाळ मानायचं साफ नाकारलं होतं. शरीरातून इतर स्राव बाहेर पडतात तसाच हाही एक, अशी त्यांची रोकडी समजूत होती. सातशे वर्षांमागे एवढं मोकळं बोलणं ज्या पंथात झालं, त्याच पंथाच्या या गावात आज नव्या सुनेला “पाळी किती दिवसांनी येते?” हा साधा प्रश्न पहिल्यांदा डॉक्टरच विचारतात. तेसुद्धा वर्ष-दीड वर्ष वाट पाहून झाल्यावर.

दिवस जाण्याआधीच्या काळजीचा आधुनिक धागा धरायचा तर १९२८ सालच्या मुंबईत जावं लागतं. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत आली ती बाळंतपणातल्या मृत्यूंचा शोध घ्यायला. गिरणीकामगार वस्त्यांतल्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग होत असे आणि त्याला नेहमीचा उपाय लागू पडत नसे. तिने त्यांच्या ताटात काय असतं ते तपासलं, आणि शेवटी मार्माइट नावाच्या स्वस्त, काळ्या, खारट यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये जाहीर केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. तेच फोलिक आम्ल. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की ज्यांना आधी एक सदोष मूल झालं होतं अशा स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी घेतली तर बाळाच्या मज्जारज्जूचा दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. कळीचा शब्द “आधीपासून” हा. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते. तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. उपकेंद्रात नाव नोंदवून गोळ्यांची पाकिटं घरी येईपर्यंत हे काम उरकून गेलेलं असतं.

पालेभाजीतून हे आम्ल देणाऱ्या आमच्या ताटाचं मधल्या काळात काय झालं? चाळीस वर्षांमागे इथल्या खरिपात ज्वारी होती, कपाशीच्या ओळींत तूर होती, मूग-उडीद होते. धुऱ्यावर तरोटा, घोळ, चिवळ आपोआप उगवत आणि अंबाडीची भाजी भाकरीसोबत असेच. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि पसरत गेलं. पैसा हातात लवकर आला हे खरं, पण प्रथिनांनी भरलेला हा दाणा घरात शिजलाच नाही. तो अडत्याकडे गेला आणि तेलाचं पाकीट होऊन परत आला. तणनाशकाने धुऱ्यावरच्या भाज्या नेल्या. रेशनच्या गहू-तांदळाने भाकरीला मागे सारलं. म्हणून जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हाही घरची बाई शेवटी जेवायची आणि तिच्या वाट्याला गंजातलं बुडाचं वरण यायचं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे पाच-सहा वर्षांत तो वाढला, आणि तोही शाळेशाळेतून निळ्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर. मुलींसाठी आठवड्याला एक लोहाची निळी गोळी, गरोदर बाईला लाल. निळी गोळी खाल्ली की मळमळतं म्हणून ती दप्तरात राहते, दप्तरातून उकिरड्यावर जाते. गिळलीच तर जेवणावर लगेच कपभर चहा होतो. चहा लोह अंगी लागू देत नाही, आणि संत्र्यातलं क जीवनसत्त्व ते अंगी लावतं. मोर्शी-वरूडचा हा पट्टा आंबिया बहाराची संत्री ट्रक भरभरून बाहेर पाठवतो. पण जेवणासोबत एक संत्रं सोलून सुनेच्या हातात ठेवायचं कुणाला सुचत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून गाठून पुढे त्यांच्या मुलांपर्यंत अभ्यास केला. त्यात जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं. दूध, अंडी, मांस यांतूनच मिळतं. महानुभाव घरं कडक शाकाहारी. तिथे दूध-दही हाच आधार, आणि दूध तर सकाळीच डेअरीवर जातं. मांसाहार सुचवण्याचा माझा काही विचार नाही. डेअरीच्या कॅनमधून एक पेला आधी बाजूला काढता येतो, आणि डॉक्टरला विचारून गोळीही घेता येते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात झालेला प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. मूल हवं असलेल्या बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला पदार्थ गर्भ राहण्याआधीपासून दिला गेला. ज्यांनी तीन महिने आधीच सुरुवात केली त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली आणि त्या बायकांत गरोदरपणीच्या मधुमेहाचं प्रमाणही कमी आढळलं. ४८ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. शिवाय अगदी हडकुळ्या बायकांच्या बाळांना तेवढाही लाभ झाला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार तीन महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, हेही त्याच प्रयोगाने सांगितलं.

एवढं सगळं बाईचं झालं. बाप्याचं काय? पुरुषबीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज सोडलेल्या व्यसनाचा फायदा तीन महिन्यांनी दिसतो. आमच्याकडे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखूचा खर्रा दिवसभर गालात असतो. तंबाखू पुरुषबीजांची संख्या आणि चपळता दोन्ही कमी करते. फवारणीकडेही बघायला हवं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुलं होईनात, तेव्हा तपासणीत त्यांच्यातल्या काहींचं वीर्य बीजाविना निघालं. ते औषध पुढे बंद झालं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना माणसं मेली. आपल्याकडे चर्चा मरणाची झाली. उघड्या अंगाने, तोंडाला रुमाल न बांधता वर्षानुवर्षं फवारणाऱ्याच्या पुढच्या पिढीची झाली नाही.

वर आमचं पंचांगही उलटं. लग्नं वैशाखात. मृगात पेरणी, मग निंदण, मग श्रावणाचे उपास आणि साबुदाणा, त्यानंतर फवारणी. लग्नानंतरचे हे पहिले महिने नव्या जोडप्याच्या अंगमेहनतीचे आणि अर्धपोटी राहण्याचे, आणि घर गोड बातमीची वाट पाहतं तीही नेमकी तेव्हाच.

खाणंपिणं, झोप, वजन, व्यसन सांभाळलं म्हणून प्रत्येकाला मूल होईलच असं नाही. बंद झालेली गर्भनलिका पालकाने उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे सहांतल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. वर्षभर वाट पाहून, आणि बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून डॉक्टर गाठावा. आता शेतकऱ्याच्या पोराला मुलगीच मिळत नाही म्हणून लग्नं तिशीपार जातात, त्यामुळे हे जास्त लागू.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सिन्नर तालुक्यांत मूल हवं असलेल्या जोडप्यांची यादी आशाताईंकडून करून, गर्भ राहण्याआधीच तपासणी, गोळ्या आणि सल्ला देण्याचं काम काही वर्षांपूर्वी झालं. वऱ्हाडात ते करायचं तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही त्यात घालावी लागेल, आणि तीही दोघांची. हे काम लग्नाच्या तारखा निघतात तेव्हा, म्हणजे फाल्गुन-चैत्रात व्हायला हवं. तेव्हा शेत मोकळं असतं आणि पोरगाही उपकेंद्रात यायला मोकळा असतो. पेरणी लागल्यावर त्याला तिथे आणणं आशाताईंना जमायचं नाही.