विजेची मोटार मेडशीच्या वाटेवर किती धावेल?



विजेवर चालणारी मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न आता आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांतही चर्चिला जाऊ लागला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रातून सृष्टीच्या संगोपनाचे कर्तव्य आपणा सर्वांपुढे ठेवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच्या वापरासाठी विजेवर चालणारी मोटार स्वीकारली. मात्र ती मोटार मुद्दाम अतिशय मंद गतीसाठी घडविलेली होती. संत पेत्राच्या चौकात भाविकांमधून फिरणाऱ्या गाडीपुढे पल्ल्याचा प्रश्न कधी उभा राहत नाही. अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव या मार्गाने वाशिमला मिस्सेसाठी किंवा आजाऱ्याला भेटण्यासाठी निघालेल्या गाडीपुढे तो निश्चित उभा राहतो. म्हणून एकदा चार्ज केलेली गाडी किती दूर जाते आणि ते कशाकशावर अवलंबून असते, याचा विचार आम्ही याच रस्त्याच्या आधारे करणार आहोत.

प्रथम विक्रेत्याकडील पत्रकावर छापलेला आकडा पाहू. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विजेवरील आवृत्तीत ३०.२ युनिटांची बॅटरी होती आणि तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. हा आकडा खोटा नव्हे. पण तो कसा मिळतो, हे ठाऊक असावे. चाचणीत गाडी रुळांवर उभी करून ठरलेल्या क्रमाने चालविली जाते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, सरासरी तर तिशीच्या आसपासच राहते आणि वातानुकूलन बंद असते. चढ नाही, समोरून वारा नाही, मागच्या बाकावर तीन माणसे नाहीत. दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे. प्रवासाची आखणी करण्यास तो निरुपयोगी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेट्रोलच्या गाडीत आपण असा हिशेब कधी करीत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. त्या मानाने ३०.२ युनिटांची बॅटरी म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोल! एवढ्याशा शिदोरीवर ही गाडी दीड-दोनशे किलोमीटर जाते, ते केवळ तिची मोटर ऊर्जा फारशी वाया घालवीत नाही म्हणून. पेट्रोलचे इंजिन निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते, त्यामुळे थोडा अधिक खर्च झाला तरी तो त्या मोठ्या नुकसानीत दडून जातो. विजेच्या गाडीत दडायला जागाच नाही. येथे प्रत्येक युनिटाचा जाब द्यावा लागतो.

सर्वाधिक ऊर्जा खातो तो वेग. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटरने गाडी हाकली, तर वेग दीडपट होतो, पण अवरोध सव्वादोनपट होतो. आपल्या वाशिम जिल्ह्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सपाट, मोकळा रस्ता पाहून ‘येथे तरी गाडी खूप लांब जाईल’ असे वाटते, पण घडते नेमके उलटे. गावातील गर्दीत, जेथे पेट्रोलची गाडी सर्वाधिक इंधन खाते, तेथे विजेची गाडी काटकसरीने चालते. वेग कमी असतोच, शिवाय वेग आवरताना मोटरच जनित्राचे काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. टपावर मंडपाचे सामान वा खुर्च्या बांधून महामार्गावर निघणे म्हणजे वाऱ्याशी कुस्ती खेळणे होय. टायरांत हवा कमी असेल तर आणखी भर पडते.

दुसरा मोठा खर्च उकाड्याचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात तापलेली गाडी थंड करण्यास आणि थंड राखण्यास सरासरी दीड किलोवॅट लागतात असे धरू, म्हणजे दर तासाला दीड युनिट. हा खर्च अंतरावर नव्हे, तर वेळेवर चालतो. रेल्वे फाटकापाशी गाडी उभी असली, तरी वीज जळत राहते. काही मंडळी बॅटरी वाचविण्यासाठी रात्री दिवे मंद ठेवतात वा मोबाईल चार्ज करणे टाळतात. त्याने काहीही साधत नाही. दिव्यांना लागणारी वीज नगण्य आहे आणि घाटात दिवे मंद ठेवणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. खरी बचत हवी असेल तर गाडी चार्जिंगला जोडलेली असतानाच आतून थंड करून घ्यावी आणि दिवसा ती कडुनिंबाच्या सावलीत लावावी. अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांकडून याच्या उलट तक्रार ऐकू येते: तेथे हिवाळ्यात गाडी उबदार ठेवण्यातच बॅटरीचा मोठा भाग खर्ची पडतो. आपल्याकडील थंडीत ही चिंता जवळजवळ नाही.

आता घाट. पातूर सोडून मेडशीकडे जाताना चढ लागतो, आणि विजेच्या गाडीचे नाव काढताच लोक पहिली शंका काढतात ती या घाटाची. प्रत्यक्ष गणित मात्र वेगळे सांगते. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे, तर वाशिम सुमारे ५५० मीटरवर. पाच माणसांसह साडेसतराशे किलोची गाडी एवढी उंच नेण्यास सव्वा युनिट लागते. वाटेतील घट धरून दीड युनिट म्हणू. परतताना उतारावर त्यातले निम्मे तरी हाती लागते. म्हणजे जाऊन येऊन घाटाचा निव्वळ खर्च पाऊण युनिट! दीड तासाच्या वातानुकूलनाला याच्या तिप्पट वीज लागते.

सर्व खर्च एकत्र मांडून पाहू. अकोला ते वाशिम सुमारे ८० किलोमीटर. मेडशी साधारण ५० व्या किलोमीटरला. ताशी ७०-८० च्या संयमित वेगाने गाडी एका युनिटात साडेसात किलोमीटर जाते असे गृहीत धरले, तर एका बाजूस १०.७ युनिट. त्यात दीड तासाच्या वातानुकूलनाचे सव्वादोन. येण्याजाण्याचे मिळून २६ युनिटांच्या किंचित खाली, आणि घाटाचे पाऊण धरून साडेसव्वीस. बॅटरीत उरले पावणेचार युनिट. कागदावर ३१२ किलोमीटर जाणारी ही गाडी मे महिन्यात १६० किलोमीटरचा फेरा कशीबशी पूर्ण करते. परतताना मेडशीजवळच्या एखाद्या वस्तीवरून आजाऱ्यासाठी बोलावणे आले आणि पंधरा-वीस किलोमीटर आडवाटेने जावे लागले, तर अकोल्याला पोहोचेपर्यंत जवळपास काहीच शिल्लक राहणार नाही. दहा कुमारिकांच्या दृष्टांतातील तेलाची आठवण येथे कोणाला झाली, तर ती अस्थानी नाही.

शिवाय बॅटरी जुनी होते. त्या गाडीच्या बॅटरीला कंपनीने ८ वर्षे वा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली होती; पण हमी म्हणजे क्षमता कायम राहील असे वचन नव्हे. क्षमता दहा टक्के घटली की ३०.२ चे २७ युनिट उरतात आणि वरील हिशेबात अर्धे युनिट शिल्लक राहते. जुनी गाडी स्वस्तात विकत घेणाऱ्याने ही बाब आधी तपासावी. नव्या गाड्यांच्या बॅटऱ्या मोठ्या आहेत, त्यामुळे हीच चिंता बरीच कमी होते, मात्र किंमतही त्या प्रमाणात चढते. घरी चार्ज करून प्रथम विजेवर आणि मग पेट्रोलवर चालणाऱ्या प्लग-इन गाड्यांत अडकून पडण्याची भीती नसते. परंतु त्यांचा विजेवरील पल्ला थोडा असतो आणि आपल्या देशात त्या विरळाच आहेत.

तेव्हा लहान बॅटरीची गाडी असलेल्यांनी वाशिमच्या मुक्कामाचा उपयोग करून घ्यावा. घरगुती पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून तासाला सुमारे अडीच युनिट मिळतात. मिस्सा, भेटीगाठी आणि जेवण मिळून चार तास गाडी उभी असते. तेवढ्या वेळात दहा युनिट, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरची सोय होते. सॉकेटचे अर्थिंग नीट आहे ना, हे मात्र वायरमनकडून आधी पाहून घ्यावे. साध्या पाच अँपिअरच्या बोर्डावर किंवा लांबवलेल्या बारीक वायरीवर गाडी कदापि लावू नये.