तांबे पेशींपर्यंत पोचते कसे?
प्रौढांना रोज सुमारे ०.९ मिलिग्रॅम तांबे पुरते. आतड्यातून रक्तात शिरलेले तांबे अल्ब्युमिनसारखी प्रथिने यकृताकडे नेतात. यकृत ते सेरुलोप्लास्मिन या प्रथिनात बसवून पुन्हा रक्तात सोडते. रक्तातले बहुतेक तांबे याच रूपात असते. मात्र ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतः नसते, त्यांच्याही पेशींना तांबे मिळते. म्हणजे वाहक एकच नाही. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते.

१९१२ साली वर्णन झालेल्या विल्सनच्या आजारात ही वाट अडते आणि तांबे यकृतात व मेंदूत साचते. आजार आनुवंशिक असला तरी औषधांनी आटोक्यात राहतो. म्हणून घरात एकाला तो निघाल्यास सख्ख्या भावंडांचीही, काही त्रास नसला तरी, तपासणी अवश्य करून घ्या.