सोयाबीनच्या सुडीसाठी ताडपत्री घेताय? आधी तिचं वजन करा

यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आणि परतीचा पाऊस बहुतेकदा एकाच सुमाराला येतात. मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत पीक सुडी लावून शेतातच असतं आणि त्याच्यावर छप्पर असतं ते फक्त ताडपत्रीचं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसानं राज्यभर काढणीला आलेल्या आणि काढून ठेवलेल्या पिकांचं मोठं नुकसान केलं होतं.

मग ताडपत्री घेताना नेमकं काय बघायचं? आणि ती टाकायची कशी? समजून घेऊया.

ताडपत्रीवर एवढं काय अवलंबून आहे?

2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. पण हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष दाण्यात जास्तीत जास्त 12 टक्के ओलावा, असा आहे. सुडी भिजली तर ओलावा वाढतो, दाणे काळे पडतात, बुरशी येते. मग माल खरेदी केंद्रावरून परत येतो किंवा बाजार समितीत पडेल त्या भावाला विकावा लागतो. घरचं बियाणं राखायचं असेल, तर भिजलेल्या दाण्याची उगवणही घटते.

ताडपत्र्यांचे प्रकार कोणते?

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात.

*विणलेली प्लास्टिकची ताडपत्री:* एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला असतो. वजनाला हलकी, किमतीला परवडणारी. शेतात सर्वाधिक हीच वापरली जाते.

*पीव्हीसीची ताडपत्री:* जाड आणि जड. ट्रकवर टिकते, पण एकट्या माणसाला ती सुडीवर ओढणं अवघड जातं.

*सुती कॅनव्हास:* यातून थोडी हवा खेळते. मात्र महाग असते आणि ओली घडी घातली तर कुजते.

सुडीसाठी विणलेली प्लास्टिकची ताडपत्री पुरेशी आहे. प्रश्न एवढाच की, ती चांगली कशी ओळखायची?

जीएसएम म्हणजे काय?

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा, तितकी ताडपत्री भरदार. पण छापलेला आकडा खरा आहे का, हे हात लावून कळत नाही. वजनकाट्यावर मात्र कळतं.

समजा, ताडपत्री 24 बाय 18 फुटांची आहे. म्हणजे 432 चौरस फूट. चौरस मीटर काढण्यासाठी 10.76 नं भागा. उत्तर येतं साधारण 40. आता 250 जीएसएमची ताडपत्री असेल तर वजन 10 किलोच्या आसपास भरायला हवं. 200 जीएसएम असेल तर 8 किलो. काटा 5 किलो दाखवत असेल, तर ती 125 जीएसएमचीच आहे, वर काहीही छापलेलं असो.

सोबत टेपनं मापही घ्या. काठ दुमडल्यावर ताडपत्री सांगितलेल्या मापापेक्षा थोडी लहान भरू शकते.

आणखी काय तपासायचं?

उन्हानं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, त्यामुळे 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' असा उल्लेख आहे का, ते बघा. एचडीपीई ताडपत्रीसाठी 'आयएस 7903' हे भारतीय मानक आहे. तो शिक्का असेल तर उत्तम.

काठ दुमडून आत दोरी घातलेली हवी. दोरी ओवायच्या कड्या ओढून बघा. वाऱ्यात ताडपत्री बहुधा तिथूनच फाटायला लागते.

किती मोठी घ्यायची?

सुडीवरून एक दोरी आडवी आणि एक उभी टाका, जमिनीपासून जमिनीपर्यंत. दोन्ही मापांत चार-चार फूट वाढवा. दोरी आडवी 14 आणि उभी 20 फूट भरली, तर 24 बाय 18 ची ताडपत्री बरोबर बसेल.

ताडपत्री होती, तरी माल का खराब होतो?

कारण प्लास्टिक बाहेरचं पाणी अडवतं, तशी आतली वाफही अडवतं. हिरवट, ओलसर सोयाबीनचा ढीग आतून तापतो. ती वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन पुन्हा मालावर पडते. ताडपत्री ओला माल वाळवत नाही, ती फक्त वाळलेला माल वाळलेला ठेवते.

म्हणून सोंगलेलं पीक आधी उन्हात वाळवा, मगच सुडी लावा. सुडी मध्ये उंच आणि कडेला उतरती ठेवा. समुद्रकाठी शिडाच्या छोट्या होड्या झाकताना हेच करतात: मधोमध टेकू देऊन कापड उचलतात, म्हणजे वर पाणी साचत नाही आणि आत हवा खेळते. पाऊस उघडून ऊन पडलं की सुडीही उघडा.

पाणी खालूनही येतं. सुडी उंचवट्यावर लावा, खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर द्या आणि भोवती चर काढा. खाली दुसरी ताडपत्री अंथरली असेल, तर तिचे काठ वरच्या ताडपत्रीच्या आत दुमडा. ते बाहेर राहिले, तर वरून ओघळलेलं पाणी थेट सुडीखाली जाईल.

कापसासाठी हीच चालेल का?

गाडीतला कापूस पावसापासून वाचवायला चालेल, पण जपून. फाटलेल्या ताडपत्रीचे प्लास्टिकचे तंतू कापसात मिसळले, तर ते जिनिंगमध्ये सहज निघत नाहीत. पुढे सुतात उतरतात आणि त्यांच्यावर रंगही चढत नाही. कापसाला लागून सुती कापड ठेवा, प्लास्टिक त्याच्या वरून टाका. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याला भावात कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही. तेव्हा इथेही ओल कोंडून चालत नाही.

खर्च कमी होऊ शकतो का?

काही जिल्हा परिषदा आपल्या सेस फंडातून अनुदानावर ताडपत्र्या देतात. योजना सुरू आहे का, हे पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा. आणि हंगाम संपला की ताडपत्री धुऊन, पूर्ण वाळवून, उंदरांपासून लांब ठेवा. पुढच्या सोंगणीआधी ती एकदा उन्हाकडे धरून बघा. उजेडाचे ठिपके दिसले, तर पाणीही तिथूनच येईल.