यंत्राला वाट आखून देताना

इंदूर येथे 1952 साली श्री गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाची तंत्रसंस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत छिद्रांच्या फितीवरील आकड्यांनी चालणारे मिलिंग यंत्र लोकांपुढे आले. त्याच्याच वंशातील सीएनसी यंत्रांचे शिक्षण आज इंदूरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मिळते, आणि त्यांची लहान आवृत्ती हौशी माणसाच्या टेबलावरही मावते.

यंत्र लहान असले तरी ते सांगितले तेवढेच करते. समजा, 40 मिलिमीटरचा चौरस कापावयाचा आहे आणि हत्याराचा व्यास 6 मिलिमीटर आहे. अशा वेळी हत्याराचा मध्य रेषेच्या 3 मिलिमीटर बाहेरून फिरला पाहिजे. तो रेषेवरूनच फिरविल्यास चौरस 34 मिलिमीटरचा उरतो. तसेच ‘जी 0’ ही आज्ञा मोकळ्या जागेतून वेगाने सरकण्याची, तर ‘जी 1’ ही ठरविलेल्या गतीने सरळ कापण्याची. कापण्याच्या जागी पहिली लिहिली गेली, तर हत्यार धातूवर आदळून मोडते.

म्हणून जाणता कारागीर हत्यार वर उचलून सारा मार्ग प्रथम हवेतच चालवून पाहतो. कानस चालविताना चूक हाताला कळत असे. येथे ती कापण्यापूर्वीच शोधावी लागते.