ठरलेली तारीख आणि सोबतीची माणसे

ठरलेल्या तारखेचे भय निराळेच असते. यंत्रात हात सापडला, तर विचार करायला सवड नसते. चार जण उचलून इस्पितळात नेतात. पण हृदयाची झडप बदलण्यासाठी महिन्यानंतरचा दिवस मिळाला, म्हणजे तो महिनाभर माणूस रोज रात्री मनातल्या मनात टेबलावर चढतो. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे वाचनालयातले. पण संघटनेच्या कामात अशा कित्येक माणसांच्या उशाशी बसलो आहोत, त्या अनुभवावर बोलतो.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यावे, मागे फिरू देऊ नये, एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसाला सुमारे लाख वेळा करावे लागते. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले, आणि घरच्यांनी ‘वाढीचा ताप’ म्हणून सोडून दिले, की त्या संधिज्वराची खूण पुढे झडपेवर उमटते. उतारवयात चुना साठूनही झडप आखडते. पंपाचा वॉल्व्ह गळू लागला की ताण मोटारीवर येतो, हे कोणताही फिटर सांगेल. मोटार जळाल्यावर नवा वॉल्व्ह बसवून काय उपयोग? म्हणून ‘दिवाळी होऊ दे, मुलीचे लग्न उरकू दे’ असे म्हणत तारीख पुढे ढकलणाऱ्याला आम्ही धीराचा म्हणत नाही.

ही विद्याही डॉक्टर आणि कारागीर यांच्या जोडीनेच उभी राहिली. १९६० साली अमेरिकेत पोर्टलंड येथे डॉ. अल्बर्ट स्टार यांनी बसवलेली पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप लॉवेल एडवर्ड्स या इंजिनिअरने घडवली होती. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम रुग्णाला बसवली गेली.

आम्हांला मात्र त्याहून मोलाची वाटते ती बोस्टनची हकीकत. तेथे १९५१ साली डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या हातून हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या चार रुग्णांनी त्यांच्यासह ‘मेन्डेड हार्ट्स’ नावाची मंडळी उभारली. बरे झालेल्याने नव्या रुग्णाला जाऊन भेटायचे, हे तिचे काम. आमच्या हिशेबी ती युनियनच झाली!

भोगलेला माणूस जे सांगतो ते इतरांना सुचत नाही. शुद्धीवर येताना घशात नळी असते, बोलता येत नाही. ती निघते, तोवर हाताने खूण करावी. खोकताना उशी छातीशी धरावी. छातीचे हाड तारेने बांधलेले असते, ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर बादली उचलू नये. मध्येच विनाकारण रडू येते, त्याची लाज धरू नये. आमच्या एका टर्नरने नव्या रुग्णापुढे सदरा उघडून व्रण दाखवला आणि म्हणाला, “रात्री धातूची झडप टिकटिकते. पहिला महिना झोप येईना. आता थांबली तरच जाग येईल, भाऊ!” तो रुग्ण आठ दिवसांत पहिल्यांदा हसला.

मिळालेला महिना कामी लावावा. तंबाखू तात्काळ सोडावी. दात तपासून घ्यावेत, कारण तोंडातला जंतुदोष रक्तातून झडपेपर्यंत जातो. झडप धातूची की जनावराच्या ऊतीची, हे डॉक्टरांना विचारावे. धातूची टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि रक्ततपासणी वेळच्या वेळी. ऊतीच्या झडपेला सहसा जन्मभर गोळी लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांनी ती झिजू शकते. मूल हवे असलेल्या बाईने हा प्रश्न आधीच काढावा. गोळी चालू असता पालेभाजी सोडायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. राज्य विम्यातल्या पात्र कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. ते कागद आधीच पुरे करावेत. रक्त कोण देणार, रात्री कोण थांबणार, मुलांना शाळेत कोण पोहोचवणार, हे नावानिशी लिहून भिंतीला लावावे. अर्धे भय त्या कागदावर उतरते.

भेटीला जाणाऱ्याने ‘काही होत नाही’ असे म्हणू नये. धोका असतोच, तो किती, हे शल्यविशारदांनी सांगावे. औषधाचा सल्ला देऊ नये, दुसऱ्याच्या मरणाची गोष्ट काढू नये. दहा मिनिटांत उठावे, आणि पुन्हा कोणत्या दिवशी येणार ते सांगून निघावे.